काळा एक, धातू तीन

गनवरचे ओरखडे मोजले तेव्हा अकरा भरले. स्लाइडवर (मागेपुढे सरकणारा वरचा भाग) सात, फ्रेमवर (मुठीसकट खालचा सांगाडा) तीन आणि एक स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड अडवणारी बाजूची छोटी कळ) कडेला, जिथला काळा रंग जाऊन खालचा पांढरा धातू चमकत होता. खोली बदलण्याच्या गडबडीत मी ही एअरसॉफ्ट गन, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या मारणारी खेळातली गन, पाने-पक्कडींच्या खोक्यात ठेवली होती, तीही कापडात न गुंडाळता. दोन दिवस ते खोकं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकत राहिलं. उघडलं तेव्हा खिडकीच्या उजेडात पहिली नजर गेली ती डाव्या अंगावरच्या लांबलचक पांढऱ्या रेघेवर. काळजात धस्स झालं.

माझ्या संग्रहात पाच गन आहेत, पण ही पहिली. दादाने दिलेली. गॅसवर चालणारी, पूर्ण धातूची, काळी १९११. मूळ पिस्तूल जॉन ब्राउनिंग या अमेरिकी शस्त्ररचनाकाराचं. अमेरिकी सैन्याने ते मार्च १९११ मध्ये स्वीकारलं आणि त्या सालावरूनच त्याचं नाव पडलं. ह्या रचनेतली स्लाइड दोन्ही अंगांनी पाटीसारखी सपाट असते. हिचं रूप त्या सपाटीत आहे आणि ओरखड्याच्या वेळी तीच सपाटी घात करते. गोलाईवरचा ओरखडा थोडाफार झाकला जातो. सपाट अंगावर उजेड एकसारखा पसरतो आणि ओरखड्यापाशी तुटतो, त्यामुळे केसाएवढी रेघसुद्धा खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसते.

घरात कोल्ड ब्लूची बाटली होती. लोखंडी वस्तूंवरचा उडालेला काळा रंग परत आणायला ते द्रावण मी आधी वापरलेलं होतं, म्हणून विचार न करता कापसाच्या बोळ्याने तेच स्लाइडवरच्या एका ओरखड्यात भरलं. काळं व्हायच्या ऐवजी त्या जागी राखी-तपकिरी पूड धरली. फडक्याने पुसली तर पूड फडक्यावर आली आणि ओरखडा होता तिथेच राहिला, भोवती मळकट डाग घेऊन. आता आधीपेक्षा वाईट दिसत होतं. तिथे मी थांबले आणि मामाकडे गेले.

मामाने तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे-अवजारं बनतात तिथे, काढली. प्लॅस्टिकच्या साच्यांना आतून आरशासारखी झिलई आणणं हे त्याचं काम. त्याने गन हातात घेतली, मॅगझिन काढलेलं आहे ना, चेंबर रिकामं आहे ना, हे मला विचारलं आणि स्वतःही पाहिलं, आणि मग म्हणाला, "हे कशाचं आहे?"

"धातूचं."

"अगं, कुठल्या धातूचं?"

मला सांगता येईना. सहा वर्षं ही वस्तू माझ्याकडे होती.

"दिसायला सगळं काळं आहे," तो म्हणाला. "त्या काळ्याखाली काय आहे ते आधी शोध. पॉलिश पेपर नंतर हातात घे. आणि ते काळं म्हणजे तरी काय, रंग आहे की आणखी काही, तेही बघ."

ह्या लेखातलं सगळ्यात उपयोगी वाक्य मामाचं हे आहे. पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

गन पूर्ण उघडली. स्लाइड, बॅरल, रिकॉइल स्प्रिंग, ग्रिपच्या पट्ट्या, थंब सेफ्टी, सगळं वेगळं करून एका पांढऱ्या चादरीवर ओळीने मांडलं आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढला. नळीच्या तोंडावरचा नारिंगी भाग मात्र तसाच ठेवला आणि पुढच्या सगळ्या कामात त्याला हात लावला नाही. बघणाऱ्याला ही खेळातली गन आहे हे त्यावरूनच कळतं, आणि काही देशांत तो कायद्यानेच लागतो.

पहिली तपासणी लोहचुंबकाची. स्लाइडला चिकटलं नाही, फ्रेमलाही नाही. स्लाइड स्टॉपला खटकन चिकटलं. म्हणजे तेवढा तुकडा पोलादी. त्यानंतर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला कानकोरण्याचा कापूस, बाहेरून न दिसणाऱ्या जागी, पाच सेकंद. फ्रेमच्या आतल्या बाजूला कापूस काळा झाला: तो रंग होता. स्लाइडच्या आतल्या बाजूला कापूस पांढराच राहिला. ही चाचणी प्लॅस्टिकच्या कुठल्याही भागाजवळ करू नये, अ‍ॅसिटोनने एबीएस प्लॅस्टिक विरघळतं. म्हणूनच ग्रिप आधी काढून ठेवल्या होत्या.

तिसरी तपासणी मला सगळ्यात आवडली. मल्टिमीटर बीपवर लावला, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधून वीज वाहिली की तो वाजतो. एक टोक स्लाइडच्या आतल्या खोबणीत टेकवलं, जिथे फ्रेमवर सरकून सरकून धातू उघडा पडला होता. दुसरं टोक बाहेरच्या काळ्या अंगावर हलकेच ठेवलं. आवाज नाही. ते टोक तसंच सरकवत ओरखड्यात नेलं आणि मीटर वाजला. बाहेर काढलं, गप्प. पुन्हा आत, पुन्हा बीप. अ‍ॅनोडायझिंगचा (विजेच्या साहाय्याने धातूवर आणलेला ऑक्साइडचा) थर वीज वाहू देत नाही, खालचं अ‍ॅल्युमिनियम देतं. ओरखडा थराच्या आरपार गेलाय की वरच्यावर आहे, हे मीटर ऐकून सांगता येत होतं. सातांपैकी दोनच ओरखड्यांत मीटर वाजला. पाचांत नाही.

ते पाच मग काय होते? मामाने खिशातून साधा खोडरबर काढला. "घास." मी घासलं. पांढरी रेघ रबरावर करडी होऊन उतरली आणि खाली काळा पृष्ठभाग जसाच्या तसा होता. तो ओरखडा नव्हताच. खोक्यातल्या पान्यांवरचा मऊ मुलामा स्लाइडच्या कठीण थरावर घासून चिकटला होता, पाटीवर खडू उमटतो तसा. माझ्या स्लाइडचं काही गेलं नव्हतं, उलट पान्यांचं तिच्यावर आलं होतं. चार रेघा खोडरबराने गेल्या, पाचवीला मेटल पॉलिशचा थेंब आणि मऊ फडकं लागलं. कोल्ड ब्लूचा माझा डागही त्याच पॉलिशने बराचसा निघाला. मी आधी पॉलिश पेपर घेऊन बसले असते तर ज्या जागी काहीच बिघडलेलं नव्हतं तिथलं अ‍ॅनोडायझिंग स्वतःच्या हाताने खरवडून काढलं असतं, ह्या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

तर हिशेब असा ठरला. स्लाइड अ‍ॅल्युमिनियमची, वर काळं अ‍ॅनोडायझिंग. फ्रेम जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली, वर काळा रंग. स्लाइड स्टॉप पोलादाचा, वर ब्लूइंग, म्हणजे रसायनाने धरवलेला निळसर काळा थर. चादरीवर तिन्ही शेजारी ठेवून, उजेडाकडे तिरकं धरून पाहिलं तर तीन वेगळे काळे दिसले: स्लाइडचा काळा किंचित जांभळट, फ्रेमचा सपाट आणि मेणासारखा, स्लाइड स्टॉपचा निळसर. सहा वर्षं मी त्यांना एकच रंग समजत होते.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण बऱ्याच संग्राहकांकडे जपानी मॉडेलं असतात. जपानमध्ये १९७१ साली धातूच्या मॉडेल पिस्तुलांवर निर्बंध आले. ती पांढरी किंवा पिवळी हवीत आणि नळी बंद हवी, असा नियम झाला. तिथले उत्पादक एबीएस प्लॅस्टिककडे वळले त्यामागे हे मोठं कारण. त्यांतल्या काही मॉडेलांत प्लॅस्टिकमध्ये धातूची पूड मिसळलेली असते. हाताला ती जड लागतात, थंड लागतात, पण असतात प्लॅस्टिकचीच. पुढे मी जे केलं ते त्यांच्यावर चालणार नाही. पॉलिश पेपर त्यांना वेगळ्या तऱ्हेने खातो आणि अ‍ॅसिटोनने तर नासच होईल.

आता स्लाइड. ह्या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि सगळ्यात जास्त शिकायलाही इथेच मिळालं.

अ‍ॅनोडायझिंग हा वरून फासलेला रंग नसतो. आम्लाच्या द्रावणात अ‍ॅल्युमिनियम बुडवून वीज सोडली की त्याच्या पृष्ठभागाचंच ऑक्साइड होतं. त्या थराला बारीक छिद्रं असतात, त्यांत रंग भरतात आणि छिद्रं बंद करतात. नेहमीच्या रंगीत कामात हा थर साधारण ५ ते २५ मायक्रॉन जाडीचा. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड म्हणजे कुरुंद, माणिक आणि नीलम ज्याचे असतात तेच संयुग. हा थर काही माणकाइतका कठीण नसतो, पण खालच्या मऊ अ‍ॅल्युमिनियमपुढे तो दगडच.

ह्यामुळेच ओरखड्यापुरतंच घासणं चुकतं. बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून तेवढ्याच जागी घासलं तर आधी कागद नुसता घसरतो. मग मधला थर फुटतो, खालचं मऊ अ‍ॅल्युमिनियम उघडं पडतं आणि ते भराभर झिजू लागतं, भोवतालचा कठीण थर मात्र तसाच टिकतो. मिनिटाभरात तिथे उथळ बशी तयार होते. काळं केलं तरी बशी राहते. उजेड तिच्यात वाकतो, आणि ओरखड्यापेक्षा ती जास्त डोळ्यांत भरते. हे मी मामाकडच्या अ‍ॅनोडाइझ केलेल्या एका टाकाऊ पट्टीवर स्वतः करून पाहिलं. त्याने मुद्दाम करायला लावलं.

म्हणून घासायचं तर पूर्ण अंग, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तेही सपाट पाठिंब्यावर. जाड काच घेतली. तिच्यावर पाणी शिंपडून वॉटर पेपर पसरला. ओल्याने तो काचेला चिकटून बसतो. पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब टाकले म्हणजे कागदाच्या खाचा लवकर भरत नाहीत. स्लाइडच्या पूर्ण अंगावर निळा मार्कर फिरवला. टूलरूममध्ये ह्याला निळा लावणं म्हणतात, तिथे त्यासाठी खास शाई असते, घरी मार्कर पुरतो. मग कागद न हलवता स्लाइडच कागदावर ओढायची. एका दिशेने, लांबीत, हाताचा दाब मधोमध. दहा ओढी झाल्या की स्लाइड फिरवून धरायची, म्हणजे एकाच टोकाला जास्त दाब पडत नाही.

पहिल्या दहा ओढींनंतर उलटून पाहिलं. निळा दोन्ही कडांना गेला होता, मध्ये एक लांबट निळी पट्टी राहिली होती. म्हणजे जे अंग मी सपाट समजत होते ते मध्ये किंचित खोलगट होतं, कारखान्यातूनच. ते उघड्या डोळ्यांना कधीच दिसलं नसतं.

सुरुवात ४०० नंबरने केली. त्याचे कण साधारण ३५ मायक्रॉनचे असतात. मग ६००, मग ८००, मग १०००. नंबर बदलताना स्लाइड आणि बोटं दोन्ही धुवायची, कारण ४०० चा एक कण ८०० च्या कागदावर आला तर तोच नवा ओरखडा पाडतो. आणि प्रत्येक नंबरला दिशा थोडी तिरकी करायची: ४०० लांबीत, ६०० तिरकं, ८०० पुन्हा लांबीत. आधीच्या कागदाच्या रेघा वेगळ्या दिशेच्या असल्या की त्या पुसल्या गेल्या की नाही हे लगेच कळतं. हे न करता मी पहिल्यांदा एकाच दिशेने घासत गेले होते आणि १००० ला पोचल्यावर उजेडात ४०० च्या रेघा खाली तशाच बसलेल्या दिसल्या. मागे जावं लागलं.

डाव्या अंगावर अक्षरं कोरलेली आहेत आणि लांब ओरखडा शेवटच्या अक्षराला चाटून जातो. इथे माझा जीव सगळ्यात जास्त टांगणीला लागला. ओरखडा घालवायचा म्हणजे आजूबाजूचा सगळा पृष्ठभाग ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, आणि पृष्ठभाग खाली आला की अक्षरं तितकी उथळ होतात. दर दहा ओढींनंतर मी अक्षरांच्या कडा भिंगातून पाहत होते. तीक्ष्ण कड उजेडात बारीक तारेसारखी चमकते. ती तार जाड आणि अंधूक झाली की समजावं, कड गोल व्हायला लागली. शेवटच्या अक्षराची तार जाड होतेय असं वाटलं त्या क्षणी मी थांबले. ओरखड्याचा शेवटचा बोटाच्या पेरभर भाग तेव्हा पुरता गेलेला नव्हता, अगदी तिरक्या उजेडात दिसेल इतका उरला होता. तो मी तसाच राहू दिला. गेलेली अक्षरं परत आणता येत नाहीत.

१००० वर समाधान होईना म्हणून मी २००० पर्यंत गेले आणि वरून पॉलिश चढवलं. अंग आरशासारखं झालं. मला फार आनंद झाला, मामाला नाही. त्याने स्लाइडचा वरचा गोल भाग दाखवला. तो मुळात दाणेदार, मंद असतो, आणि सपाट अंगं मुळात लांबीतल्या बारीक रेघांची, रेशमासारखी होती. त्या दोघांच्या मध्ये माझा आरसा परका दिसत होता. शिवाय आरशावर पुढचा ओरखडा कालच्यापेक्षा दुप्पट दिसणार. "चकाकी म्हणजे काम चांगलं असं नसतं," मामा म्हणाला. "मूळ जसं होतं तसं करायचंय तुला." म्हणून ८०० वर परत, फक्त लांबीत, पंधरा संथ ओढी, दर ओढीला कागद ताज्या जागी. मूळच्या रेघांचा पोत तिथे सापडला.

काळं करताना आधी ठरवलं की दोन्ही अंगं पूर्ण करायची, तुकड्यात नाही. नव्या काळ्याची छटा जुन्या अ‍ॅनोडायझिंगशी तंतोतंत जुळणार नाही हे पट्टीवर दिसलं होतं. पण सपाट अंग जिथे संपतं आणि गोलाई सुरू होते त्या कडेवर छटा बदलली तर डोळ्याला खटकत नाही, कारण तिथे उजेड तसाही बदलतो. सीमा कडेवर ठेवायची, अंगाच्या मध्ये नाही. पुन्हा अ‍ॅनोडायझिंग करून घेणं हा ह्यापेक्षा टिकाऊ मार्ग आहे, पण त्यासाठी जुना थर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उतरवावा लागतो आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमलाही खातं. अक्षरांच्या ज्या कडा मी जिवापाड सांभाळल्या होत्या त्या त्यात घालायला मन तयार होईना.

अ‍ॅल्युमिनियम काळं करायचं वेगळं द्रावण मिळतं. त्यात सेलेनियमची संयुगं असतात, ती विषारी आहेत. हातमोजे, उघडी खिडकी आणि जवळपास खाण्याचं काही नाही, ह्यात सूट घ्यायची नाही. उघडं अ‍ॅल्युमिनियम हवेत क्षणात स्वतःचा पातळ ऑक्साइड थर धरतं, त्यामुळे शेवटच्या घासणीनंतर वाट बघायची नाही. धुतलं, पुसलं, लगेच बोळा फिरवला. कड टाळून, एका दमात, वरून खाली. रंग डोळ्यांदेखत चढतो: आधी करडा, मग तपकिरी झाक, मग कोळशासारखा. मिनिटाभराने थंड पाण्यात धुतलं, वाळवलं, मऊ कापडाने सैल पूड पुसली आणि पुन्हा. चार फेऱ्यांनी रंग ठरला. वरून तेलाचा हलका हात दिला तेव्हा करडेपणा गेला आणि काळा खोल झाला. हा थर अ‍ॅनोडायझिंगइतका कणखर नाही. सतत हाताळायच्या गनवर मी तो सुचवणार नाही. काचेच्या कपाटातल्या वस्तूला चालतो.

फ्रेमची गोष्ट वेगळी. तिथल्या तीन ओरखड्यांपैकी दोन रंगातच होते, मीटर वाजला नाही. तिसरा कमानीसारखा वळलेला, स्लाइड स्टॉपच्या खाली, नखाला अडकणारा. १९११ बाळगणारे सगळे हा ओरखडा ओळखतात. इंग्रजीत त्याला इडियट स्क्रॅच म्हणतात. मला ते नाव आवडत नाही, कारण चूक हाताची असते तितकीच त्या रचनेची असते. गन जोडताना स्लाइड स्टॉप फ्रेममध्ये घालून वर फिरवावा लागतो आणि स्प्रिंगवरचा छोटा प्लंजर त्याला अडवतो. जोर लावला की स्लाइड स्टॉपचं टोक फ्रेमवर घासत जातं आणि बरोबर वर्तुळाचा तुकडा कोरला जातो. हा खोक्याचा नव्हता, माझाच होता, सहा वर्षांपूर्वीचा.

जस्ताच्या ओतीव भागात घासून ओरखडा काढण्याच्या भानगडीत पडू नये. ओतताना साच्याला लागलेली वरची कातडी घट्ट असते, तिच्या आत हवेची बारीक छिद्रं असतात. कातडी घासून गेली की छिद्रं उघडी पडतात आणि मग एका ओरखड्याच्या जागी सुया टोचल्यासारखे शंभर ठिपके. म्हणून इथे भरायचं. भोवतीच्या रंगाच्या कडा ८०० ने उतरत्या केल्या, ओरखड्यात दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सुईच्या टोकाने दाबली, दुसऱ्या दिवशी लाकडी ठोकळ्यावर कागद लावून फ्रेमशी समपातळीत आणली. जस्तावर साधा तेलरंग टिकत नाही, धातूशी त्याची साबणासारखी प्रक्रिया होऊन पापुद्रा सुटतो. म्हणून आधी एच प्रायमर (धातूला घट्ट धरणारा पहिला हात), मग मॅट काळा.

प्रायमर छान बसला. काळ्याचा पहिला हात मारला आणि माझ्या नजरेसमोर रंग जागोजाग मागे सरला. डाळीच्या दाण्याएवढी गोल भोकं, मधोमध प्रायमर उघडा, भोवती रंगाची कड फुगलेली. वाट पाहिली, मिटली नाहीत. उलट त्यांवर आणखी फवारलं तर तीही मोठी झाली.

कारण सापडायला संध्याकाळ गेली. एअरसॉफ्टचा गॅस म्हणजे बहुतेक वेळा प्रोपेन, आणि त्यात सील ओले राहावेत म्हणून सिलिकॉन तेल मिसळलेलं असतं. दर वेळी गॅस सुटतो तेव्हा ते तेल गनमध्ये सगळीकडे उडतं, सांध्यांत, भोकांत, खोबणींत झिरपतं. रंगाला सिलिकॉनचा स्पर्शही सहन होत नाही. मी फ्रेम आयसोप्रोपिल अल्कोहोलने तीनदा पुसली होती आणि ती स्वच्छ आहे अशी माझी खात्री होती. पण अल्कोहोलमध्ये सिलिकॉन तेल नीट विरघळत नाही; ते फक्त पसरतं. पिनांच्या भोकांतून बाहेर येऊन मीच ते फ्रेमभर सारवलं होतं. प्रायमरच्या वेळी ते पुरेसं वर आलं नव्हतं, किंवा प्रायमर चढवल्यावर मी त्याच हातमोज्यांनी फ्रेम धरली असेल. माझा संशय हातमोज्यांवर जास्त आहे.

सगळा रंग उतरवला. फ्रेम साबणाच्या कोमट पाण्यात ब्रशने घासली, प्रत्येक भोकात दात कोरायची काडी आणि कापूस फिरवला. वाळल्यावर नॅफ्था, लायटरमध्ये भरतात ते, ज्यात सिलिकॉन तेल खरोखर सुटतं. आग जवळ नको, खिडक्या उघड्या. एक फडकं ओलं, दुसरं कोरडं: ओल्याने पुसायचं आणि नॅफ्था उडून जायच्या आत कोरड्याने टिपायचं. नुसतं ओल्याने पुसून वाळू दिलं तर तेल तिथेच परत बसतं. फडकी प्रत्येक फेरीला नवी. हातमोजे नवे. चार फेऱ्या. मग पुन्हा पुट्टीवर हलका कागद, पुन्हा प्रायमर, आणि काळ्याचा पहिला हात इतका पातळ की खालचं राखी दिसत होतं. श्वास रोखून बघत राहिले. एकही भोक पडलं नाही. त्यानंतर तीन पातळ हात, मध्ये वीस-वीस मिनिटं.

लवकर वाळावं म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा मोह झाला होता. मामाने नको म्हटलं: ओतीव जस्तातली अडकलेली हवा तापली की आतून फोड येतात. तासाभरात रंग बोटाला चिकटेनासा होतो, पण आतून कडक व्हायला दिवस लागतात. फ्रेम आठ दिवस तारेला टांगून ठेवली. रोज जवळून जाताना नख लावून बघावंसं वाटायचं आणि रोज हात मागे घेत होते.

स्लाइड स्टॉपचं काम अर्ध्या तासाचं. तो पोलादी, म्हणून माझी जुनी कोल्ड ब्लूची बाटली आता तिच्या जागी आली. नॅफ्थाने पुसला, हेअर ड्रायरने कोमट केला, बोळ्याने द्रावण फिरवलं, पाण्याने धुतलं, अगदी बारीक स्टील वूलने घासलं, पुन्हा फिरवलं. तीन वेळा. स्लाइडवर ज्याची राखी पूड झाली होती त्याच द्रावणाने इथे निळसर काळा धरला, आणि जुन्या ब्लूइंगमध्ये कड कुठे मिळाली हे शोधून सापडेना.

नवव्या दिवशी गन जोडायला घेतली. बॅरल, स्प्रिंग, बुशिंग (नळीचं तोंड धरणारी कडी) सगळं बसलं. शेवटी स्लाइड स्टॉप उरला. फ्रेमवर त्याच्या खालच्या जागी मी मास्किंग टेपचे तीन थर लावले. जुन्या पत्त्याचा तुकडा कापून प्लंजर आत दाबून धरला आणि स्लाइड स्टॉप फिरवण्याऐवजी सरळ आत नेला. तरी शेवटच्या क्षणी पत्ता निसटला, प्लंजर बाहेर आला, टोक टेपवर आपटलं आणि घसरत वर गेलं. खट् आवाज होऊन तो जागेवर बसला.

मी गन खिडकीशी नेली आणि टेप हळूहळू सोलली. तिन्ही थर कापत एक छोटी, गोलाकार कमान टेपवर उमटली होती. खाली फ्रेम कोरी होती.